आरशाचं काम

माझं शुद्धलेखन चौथीत जिथे थांबलं तिथेच आहे. ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजाने देते, आणि अक्षर असं की किराणावाला माझी यादी वाचण्याऐवजी फोन करून विचारतो, "अक्का, हे जिरं आहे का जायफळ?" जो कोणी हे वाचेल त्याची आधीच क्षमा मागते. तसं कुणी वाचायचं नाहीच, हे कपाटात साड्यांच्या खाली राहील. शाळा सुटली ती गरिबीने नाही. आमची मराठी शाळा चौथीपर्यंतच होती, पुढे कन्नड शाळेत जायचं, आणि मी मराठीतसुद्धा कुणी हाक मारली तर दाराआड होणारी. नव्या शाळेत बाईंनी नाव विचारलं, मी रडले, आणि पुन्हा गेलेच नाही. आईने हातात लाटणं दिलं. अण्णा कन्नडात "सरी" म्हणाले, म्हणजे बरं, आणि पुढे, "पुढल्या वर्षी बघू." ते पुढलं वर्ष अजून यायचंय.

आम्ही येलहंक्याच्या जुन्या गावातले. अण्णांचं अस्तराचं आणि ब्लाउजपीसचं दुकान, त्याच्या मागे घर, वरच्या मजल्यावर भाडेकरू. सकाळी हवाई दलाची विमानं डोक्यावरून जायची तेव्हा डब्यांची झाकणं थरथरायची आणि आई विमानाला शिव्या द्यायची, जणू ते खाली उतरून माफी मागणार होतं. बाकी दिवसभर आमच्या घरात आवाज दोनच, दुकानात कापड फाडल्याचा आणि स्वयंपाकघरात पळीचा. आईच्या पळीला दोन मनं होती, हे मला दादाचं लग्न झाल्यावर कळलं. तोपर्यंत ती पळी फक्त माझ्या ताटापाशी येऊन अडखळायची. मला बघायला आलेल्या मंडळींच्या मध्यस्थाने निरोप दिला होता, "मुलगी छान, स्वल्प दप्पा आहे." दप्पा म्हणजे जाडी. स्वल्प हा शब्द त्याने पदरचा घातला, दया म्हणून. तेव्हापासून माझ्या वाटीतली आमटी पातळ होत गेली आणि मी मात्र झाले नाही.

मग निपाणीहून नंदावहिनी आली. बारीक, चवळीच्या शेंगेसारखी, अशी की लग्नात बायका तिला बघून मग मला बघायच्या, आणि मग उसासा टाकायच्या. आईने तिलाच पसंत केलं होतं ते याच रूपावर, आणि उंबरठ्यावरचं माप ओलांडून झालं तशी ते रूप बुजवायच्या मागे लागली. आमची ताटं शेजारी शेजारी. एकच पातेलं, एकच पळी. माझ्याकडे बघून, "पुरे तुला." तिच्याकडे बघून, "घे गं, अजून एक घे, माझ्या गळ्याची शपथ." मला घरातून घालवायचं होतं म्हणून मी वाळायला हवी होते, आणि तिला नातू द्यायचा होता म्हणून तिने भरायला हवं होतं. मधे बसलेला दादा दोन्हीकडचं ऐकत भात कालवायचा. वहिनी एकदाही नको म्हणाली नाही. सून ताटावर हात आडवा धरत नसते, हे तिला माहेरून शिकवून पाठवलेलं होतं. ती सगळं खायची, मान खाली घालून, आणि मग हात धुवायला जायची.

थोड्याच महिन्यांत तिला उलट्या सुरू झाल्या. आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. आमच्या घरात बाईला उलटी व्हायचं एकच कारण माहीत होतं. पुरुषाला झाली तर पित्त. कैऱ्या आल्या, चिंचा आल्या, डिंकाचे लाडू वळले गेले, आणि ते सगळं वहिनीच्या पोटात गेलं आणि बाहेर आलं. लेडी डॉक्टर म्हणाली, दिवस नाहीत. आई म्हणाली, तिचं मशीन जुनं आहे. पुढे पुन्हा उलट्या, पुन्हा साखर, पुन्हा नाही. वहिनीचे गाल बसले, केस मूठमूठ गळायला लागले, एकदा जिन्यात चक्कर येऊन पडली. आईची माया मग हळूहळू हिशेबाला लागली. बाहेरची बाधा, आतला दोष, पत्रिकेतला मंगळ असं सगळं चघळून तिने अण्णांना सांगितलं, मी भांडी घासत ऐकलं, "दिवाळीपर्यंत वाट बघू. नाहीतर निपाणीला पोचवून येऊ. त्यांचा माल त्यांच्याकडे." घरात वहिनीवर दुसरी तक्रार पाण्याची होती. कावेरीचं पाणी एक दिवसाआड यायचं, आणि ही हात धुवायला गेली की नळ पूर्ण सोडायची. आई बाहेरून ओरडायची, "अगं, धरणाला भोक पाडलंस का?" पाण्याचा आवाज कशाला हवा असतो, हा विचार कुणाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही.

वरच्या मजल्यावर पुण्याचं कुटुंब राहायचं. काका सरकारी कारखान्यात इंजिनियर, काकू घरी, आणि मुलगी अदिती कॉलेजात. अदितीचा नाटकाचा ग्रुप होता. स्वतःच्या शरीराकडे बघून मुली कशा झुरतात, उपाशी राहतात, खाऊन ओकून टाकतात, असं एक नाटक त्यांनी इंग्रजीत केलं आणि कप आणला. मराठी मंडळाच्या गणपतीत अध्यक्षीणबाईंना काहीतरी संदेश देणारं हवं होतं, तेव्हा अदितीने ते मराठीत केलं. तालमी आमच्या गच्चीवर. मी चहा घेऊन जायचे आणि कप गोळा करायला म्हणून पाण्याच्या टाकीला टेकून बसायचे. नाटकात एक बारीक मुलगी असते, ती अदिती. तिला आरशात आपण जाड दिसतो. तो आरसा म्हणजे दुसरी मुलगी, समोर उभी राहून ही जे करेल तेच करणारी, बोलायचं काही नाही. कॉलेजात तो आरसा झालेली मुलगी ओणमला घरी निघून गेली, आणि ग्रुपमध्ये दुसरं कुणी त्या मापाचं नव्हतं. एका संध्याकाळी सगळे एकदम माझ्याकडे बघायला लागले.

"सुमी, तुझा ना एक प्रेझेन्स आहे," अदिती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे तू स्पेस घेतेस."

"भरीव," रोहन म्हणाला. तो नाटकात काळा शर्ट घालून समाज व्हायचा. "पॉझिटिव्ह सेन्समध्ये."

"एकदम रिअल," तिसरी म्हणाली.

ज्या नाटकात जाड म्हणायला लाजू नका असं सांगायचं होतं, त्यातलं एकही माणूस मला जाड म्हणेना. त्या मध्यस्थाने निदान स्वल्प तरी लावून म्हटलं होतं. मी मनात म्हटलं, सरळ सांगा ना, तुम्हाला दप्पा आरसा पाहिजे. तोंडाने म्हटलं, "चहा गार होतोय." त्यांनी तो होकार धरला.

आई नको म्हणेल अशी मला आशा होती. पण ती म्हणाली, "उभी राहा. चार लोकांत दिसशील." तिच्या मते मंडळाचा मंच म्हणजे लाइट लावलेली मुलगी बघायची जागा. फक्त साडी काळपट हवी, त्यात माणूस बारीक दिसतं. अदितीला पांढरी हवी होती, त्यात माणूस आहे तेवढं दिसतं. दोघींनी माझ्या डोक्यावरून बराच वाद घातला. शेवटी अण्णांच्या दुकानात पांढऱ्या अस्तराचा तागा पडून होता म्हणून पांढरी ठरली.

आरशाचं काम मला जमलं. नजर समोरच्याच्या हातावर ठेवायची आणि विचार करायचा नाही. विचार न करण्यात मी चौथीपासून तयार होते. अदिती केस मागे सारायची, मी सारायचे. ती पोटाला चिमटा घ्यायची, मी घ्यायचे, आणि माझ्या हाताला तिच्यापेक्षा जास्त लागायचं. पुढे ती सवय अंगात इतकी भिनली की घरात दादाने डोकं खाजवलं तर माझा हात वर जायचा. बोलायचं नसल्याने मला तिथे आवडायला लागलं, हे खरं. एकदा ती ओकायच्या प्रसंगाची तालीम झाली. अदिती घाईघाईने खोटं खोटं खाते, इकडेतिकडे बघते, आत जाते, आणि मागून रोहन बादलीत पाणी ओततो.

"हे पाणी कशाला?" मी विचारलं. त्या तालमींतला माझा हा पहिला प्रश्न.

"नळ सोडतात ना," अदिती म्हणाली. "आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आमच्या हॉस्टेलवाल्या मैत्रिणी करतात. घरच्यांना पत्ताही नसतो."

"आजारी असतात म्हणून?"

"हाच आजार असतो, सुमी. खाल्लं याचीच भीती बसते. मुली मरतातसुद्धा याने."

मी कप गोळा करून खाली आले. जेवणं आटपली होती. आई ओसरीवरून धरणाला भोक पाडल्याचं ओरडत होती. मी ट्रे हातात धरून न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिले. दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. मी काय म्हणणार होते? वहिनी बाहेर आली, डोळे लाल, आणि मला बघून म्हणाली, "जागा अडवून काय उभी राहतेस गं?" मी बाजूला झाले. बाजूला व्हायची मला फार सवय होती.

मंडळाच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी आरती झाली, बक्षिसं झाली, अध्यक्षीणबाईंचं भाषण झालं, आणि पडदा वर गेला तेव्हा पुढच्या रांगा प्रसादाचे द्रोण चाटत होत्या. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. तिसऱ्या रांगेत आई आणि तिच्या शेजारी वहिनी. सुरुवातीला सगळं बरं चाललं. मग अदितीने खाल्लं, आत धावली, पाणी पडलं, ओकल्याचा आवाज आला, आणि हॉल एकदम जागा झाला.

"अगं बाई! दिवस गेलेत हिला."

"नाटकात लग्न कुठे झालंय हिचं?"

"तेच तर नाटक आहे!"

अदिती तोंड पुसत परत आली, माझ्यासमोर उभी राहिली, आणि पोटावर हात ठेवला. मीही ठेवला.

"बघा, बघा, हिलाही!"

"दोघींना? साथ आली आहे का काय?"

माझ्या पोटाकडे बघून कुणीतरी म्हणालं, "हिला तर भरत आलेत." दावणगिरीहून एक स्थळ मला बघायला मुद्दाम आलं होतं, ते त्या वाक्याला उठलं. मग समाज आला. रोहन काळ्या शर्टात, छाती पुढे काढून, हॉलभर ऐकू जाईल असा गरजला, "ओळखलंत मला?"

"ओळखलं मेल्या! तूच तो!"

"मी समाज आहे!"

"समाज कसला, तोंड बघ चोराचं. आधी मंगळसूत्र बांध म्हणावं."

पुरुषांच्या बाजूनेही कुणी ओरडलं, "बांध रे!" रोहन बिचारा लाजून पडद्याआड गेला, त्यामुळे तर सगळ्यांची खात्रीच पटली. अदितीचा आवाज रडवेला झाला. तिने नाटक थांबवलं आणि पुढे येऊन सांगायला लागली, की हिला दिवस गेलेले नाहीत, हा आजार आहे, ईटिंग डिसऑर्डर, जाड होण्याच्या भीतीने मुली खाल्लेलं अन्न स्वतः बाहेर काढतात. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अन्न? मुद्दाम?" त्यांना दिवस गेलेले परवडले असते.

आणि माझी आई उभी राहिली. तिला अदितीची दया आली होती, पोरीला कुणीतरी शहाणपण सांगायला हवं असं वाटलं होतं. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बाळ, असं कुणी मुद्दाम करतं का? माझ्या सुनेला बघ. वर्ष होत आलं, जेवली की उलटून पडतं. रोज. माझ्या हातचं पोटभर जेवते, कुणी तिला जाड म्हणत नाही, मग ती काय मुद्दाम करते?"

अख्खा हॉल मागे वळला. वहिनी तशीच बसून होती. मग तिने पदराचं टोक उचललं आणि तोंडावर धरलं. अदिती माझ्याकडे पाठ करून उभी होती, समोर बघायला माझ्याजवळ दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि इतक्या आठवड्यांची सवय. माझा हात वर गेला. मीही पदर उचलला आणि तोंडावर धरला. "आरसा बिघडला रे!" कुणीतरी म्हणालं, आणि लोक पोट धरून हसले. आईसुद्धा हसली. वहिनी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मला कळलं, की मला कळलंय हे तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "कधीपासून माहीत आहे?"

"थोडे दिवस."

"सांगणार आहेस?"

"कुणाला? मी कुणाशी बोलते?"

ती एक चादर फार वेळ झटकत राहिली. मग बोलली. लग्नानंतर पहिल्या महिन्यात दादा तिला म्हणाला होता, थट्टेत, "आईच्या हाताला बळी पडू नकोस. बघ हं, सुमी होऊ नकोस." त्या रात्री तिला पहिल्यांदा जेवलेलं नकोसं झालं. "मग एकदा केलं, मग थांबताच येईना. रोज तू शेजारी बसायचीस आणि मी तुझ्या दंडाकडे बघत जेवायचे. वाईट वाटून घेऊ नकोस, सुमी."

"नाही घेत," मी म्हटलं. घेतलं होतं. पण तिच्या मनगटावरून बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, आणि दिवाळी दीड-दोन महिन्यांवर होती. वाईट वाटायला मला पुढे पुष्कळ आयुष्य होतं.

दुपारी गौरीचं जेवण. तळलेले पुरणाचे कडबू, वर कढत तूप. आदल्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांनी सुनेला बघितलेलं, तेव्हा आईला वाटत होतं लोक म्हणतील सासू उपाशी ठेवते. तिने वहिनीच्या ताटात कडबूंची रास केली. वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. "अजून दोन," म्हणत आई तुपाची पळी घेऊन वाकली, आणि मी माझा हात वहिनीच्या ताटावर आडवा धरला. दुसऱ्याच्या ताटावर हात धरणं आमच्यात कुणी बघितलेलं नव्हतं, त्यामुळे आईची पळी थांबायला जागाच नव्हती. तूप माझ्या हातावर पडलं.

"अगं भाजलं! काढ हात!"

"तिला नको आहे."

"तिला तोंड नाही का?"

"या घरात तिला तोंड फक्त खायला दिलंय," मी म्हटलं.

हे मी म्हटलं यावर माझाच विश्वास बसेना. अण्णांनी चष्मा काढला. दादा म्हणाला, "सुमी, तू मधे पडू नकोस." त्याच्याकडे बघायला मला लाज वाटायची, कायमच. त्या दिवशी हात इतका जळत होता की लाजायला जमलं नाही. "मी मधे आहेच," मी म्हटलं. "तूच ठेवलंस. सुमी होऊ नकोस म्हणालास ना तिला? ती होत नाहीये बघ. रोज न्हाणीघरात जाऊन होत नाहीये." मग सगळं सांगितलं, अदितीच्या नाटकातल्या शब्दांत, कारण माझ्याजवळ दुसरे नव्हते. त्या नाटकाला मी आयुष्यभर हसत आले आहे, पण त्या दुपारी मला दुसरं काही येत नव्हतं हेही खरं. वहिनी रडली, पण नाही म्हणाली नाही. आई पळी धरून उभीच. शेवटी म्हणाली, "माझ्या हातचं? माझ्या हातचं ओकून टाकते?" आजार वगैरे नंतर. आधी तिला ते लागलं.

निपाणीला पोचवायचं मात्र बारगळलं. अपमान झाला तरी चालेल, पण व्याह्यांना काय सांगणार, की सुनेला खाऊ घालून आजारी पाडली? अण्णा म्हणाले मनाच्या डॉक्टरवर दुकानातला एक पैसा जाणार नाही, वेडी का आहे ती. दादा काहीच म्हणाला नाही, ते त्याला चांगलं यायचं. पैसे वरच्या काकूंनी दिले, उसने. काकू स्वतः दुपारी काकडी आणि रात्री कोबीचं पाणी यावर जगायच्या, आणि पैसे देताना मलाही म्हणाल्या, "तूही दाखवून घे हं डॉक्टरांना. थोडं वजन, बाकी गोड आहेस." के. आर. पुरमकडच्या त्या डॉक्टरबाईंकडे बस बदलत मी वहिनीला न्यायचे. चार भिंतीत बसून नुसतं बोलायचे पैसे घेतात याचं मला फार आश्चर्य वाटायचं. पण ती बोलून बाहेर यायची तेव्हा तिचा चेहरा जरा उतरलेल्या तापासारखा असायचा. लगेच बरी झाली असं नाही. कित्येकदा पुन्हा नळ वाहायचा, मी बाहेर बसून राहायचे, मग ती येऊन शेजारी बसायची. आईने मात्र एक केलं. पळी डब्यावर ठेवली आणि म्हणाली, "ज्याचं त्याने वाढून घ्या. मी कुणाची कोण." रुसून म्हणाली, पण त्याचा औषधापेक्षा जास्त गुण आला. रुसण्यात मीही पोटभर आमटी घेतली.

मी कधी बारीक झाले नाही. लग्न झालं ते ज्याच्याशी झालं तो माझ्यापेक्षा दप्पा निघाला, आणि त्याला कुणी कधी पांढरी साडी नेसवून उभं केलेलं नव्हतं. आता माझी भाची फोन तोंडासमोर धरून मान तिरकी करते, हनुवटी खाली, गाल आत, आणि मी आपली बघते. तिला काही म्हटलं तर म्हणते, "आत्या, तुला नाही कळायचं."

तेव्हाचे ते उसने फेडायला वहिनी बाजारातल्या एका दुकानात हिशेब लिहायला जाऊ लागली आणि मी फराळाचं करून दिलं. अदितीला बेळ्ळंदूरला नोकरी लागली होती. तिथल्या उंच इमारतींतल्या बाया तिच्यामार्फत मागवायच्या: चकली हवी पण तेल नको, लाडू हवा पण साखर नको, आणि चव मात्र आजीच्या हातची. मी तेलात तळून, कागदावर चांगली टिपून पाठवायचे. शेवटची रक्कम घेऊन आम्ही दोघी वर गेलो. काकूंनी नोटा मोजल्या, "एवढी काय घाई होती गं," म्हणाल्या, आणि पुन्हा मोजल्या. समोर काकडीच्या चकत्या ठेवल्या होत्या. मी एक घेतली. वहिनीने बशीकडे बघितलं, मग काकूंकडे.

"काकू, मला भूक लागलीय," ती म्हणाली. "पोळी मिळेल का एखादी?"

काकूंच्या घरात पोळी नव्हती. नोटा त्यांनी कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं, "सगळे फिटले हं तुमचे," म्हणाल्या, आणि पदर खोचून कणीक भिजवायला उठल्या.